वयाला मी स्वभाव समजले

मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा घरभर बातमी होते. पुढे मुलाचा आवाज फुटतो, मुलगी आरशासमोर जास्त वेळ थांबायला लागते, तेही घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही. मधली वर्षं मात्र, म्हणजे साधारण सहाव्यापासून बाराव्यापर्यंतची, गाजावाजा न करता निघून जातात. मूल शाळेत जातं, येतं, जेवतं, खेळतं, दरवर्षी कपडे आखूड होतात. या वर्षांत विशेष काही घडत नसतं, पाया आधीच घातलेला असतो आणि आता फक्त अभ्यास घ्यायचा असतो, असं मला वाटायचं. याच समजुतीवर मी पालीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत अनेक वर्षं शिकवलं आणि स्वतःची दोन मुलं वाढवली. त्यात ज्या चुका झाल्या त्यांतल्या काही इथे लिहिते आहे. बहुतेक चुकांची जात एकच आहे. मुलाच्या वयामुळे किंवा शरीरामुळे जे होत होतं, ते मी त्याच्या स्वभावावर ढकललं. हावरट, आळशी, कामचुकार, घुमी ही विशेषणं मी फार सहज वापरली, आणि ज्यांना वापरली त्यांच्या ती लक्षात राहिली.

मी मूळची देशावरची. लग्नानंतर भाईंदरला आले आणि नोकरीमुळे पालीत राहायला. भाईंदर स्टेशनवरून बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं मागे टाकत उत्तनच्या बाजूला समुद्र दिसायला लागतो. तिथेच पाली. वस्ती मुख्यतः कोळ्यांची, त्यातही ख्रिस्ती कोळ्यांची. घरं एकमेकांना लागून, मागे किनारा, किनाऱ्यावर बोटी. इथली मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या डोल जाळ्याची, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची. त्यामुळे घरातली कामं घड्याळावर चालत नाहीत, भरती-ओहोटीवर चालतात. हे मला कळायला वेळ लागला. सकाळच्या वर्गात डोळे मिटणाऱ्या मुलांना मी उभं करायचे. बोट येणार म्हणून आई आणि आजी पहाटे तीनला उठल्या की एका खोलीच्या घरात मूलही उठतं, एवढा साधा विचार मी केला नव्हता. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते. ती ज्याला मिळाली नाही त्याला उभं करून काय मिळणार होतं?

सगळ्यात आधी माझ्या मुलीच्या दाताबद्दल सांगते, कारण ती चूक अजूनही अनेक घरांत रोज होते आहे.

ती पहिलीत असताना तिचे खालचे पुढचे दोन दात पडले. आम्ही कौतुक केलं. त्याच सुमारास मागे, शेवटच्या दाढेच्याही मागे, एक नवी दाढ वर आली. तिच्यासाठी कुठलाच दात पडला नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसरीत ती उजव्या बाजूने चावायची बंद झाली. मी आत पाहिलं तर त्या दाढेच्या खाचेत काळा ठिपका. मी म्हटलं, दुधाची दाढ आहे, पडून जाईल. लवंगेचं तेल लावलं, चॉकलेट बंद केलं आणि विषय संपवला. पुढे ती जेवायला वेळ लावायची, घास गालात धरून बसायची. तेव्हाही मी म्हणत राहिले की हिला जेवायचाच कंटाळा. तिच्या दुखण्यावरच मी तिला रागावत होते.

चौथीत असताना एका सकाळी गाल सुजून ती उठली. भाईंदरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा तिच्या तोंडात धरला आणि मला जवळ बोलावून मोजायला लावलं. जबड्याच्या मधल्या रेषेपासून मागे जायचं. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात, वर पाच आणि खाली पाच, चारही बाजू मिळून वीस. सहावा जो येतो तो कायमचा. तो साधारण सहाव्या वर्षी, काही न पाडता, गुपचूप मागून येतो, आणि आयुष्यभर चावण्याचं मोठं काम त्यालाच करायचं असतं. नव्या दाढेवरचं कवच अजून पुरतं टणक झालेलं नसतं, वरच्या खाचा खोल असतात, आणि सहा वर्षांच्या मुलाचा ब्रश तिथवर पोचत नाही. म्हणून कायमच्या दातांत बहुतेक वेळा हीच दाढ सगळ्यात आधी किडते. तिची मुळंसुद्धा नऊ-दहा वर्षांपर्यंत पूर्ण बनत नाहीत, त्यामुळे आत कीड गेली की उपचार अवघड होतो. माझ्या मुलीची दाढ काढावी लागली. ती दुधाची नव्हती, म्हणजे तिच्या जागी दुसरी येणार नव्हती.

वेळेवर गेलो असतो तर खाचा भरून घेण्याचं काम काही मिनिटांत झालं असतं. आता मी पहिलीच्या प्रत्येक पालकाला ही मोजणी करून दाखवते. तोंड उघडायला लावून, बोट ठेवून. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि हा सहावा. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आजच रात्री बॅटरीच्या उजेडात बघा.

दुसरी चूक वर्गातली. बालदिनाला आम्ही कोकम सरबत केलं होतं. ग्लास कमी पडले म्हणून काहींना उभट काचेचे ग्लास दिले, काहींना बसके स्टीलचे पेले. मी एकाच डावाने, मापाने ओतत होते. पहिलीतला एक मुलगा पेला हातात घेऊन शेजारच्याच्या ग्लासाकडे बघत राहिला आणि रडायला लागला, ‘त्याला जास्त दिलं.’ मी समजावलं की दोघांनाही एकेकच डाव दिलाय, तू बघत होतास ना? त्याने मान हलवली. बघत होता. तरी म्हणाला, ‘पण त्याचं वरपर्यंत आहे.’ माझा आवाज चढला. ‘हावरट आहेस,’ मी सगळ्यांसमोर म्हटलं. मुलं हसली. त्याने सरबत प्यायलं नाही.

या प्रसंगाची मला जास्त लाज वाटते, कारण यातलं मला माहीत असायला हवं होतं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग मी डी.एड.ला शिकले होते, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. सारख्या दोन ग्लासांत सारखं पाणी, मग एकातलं पाणी उंच बारीक ग्लासात ओतायचं. पाच-सहा वर्षांचं मूल म्हणतं की उंच ग्लासात जास्त आहे. त्याला एका वेळी एकच गोष्ट धरता येते, आणि उंची डोळ्यांत भरते. सात-आठच्या आसपास त्याला रुंदी आणि उंची एकत्र धरता येऊ लागते, ओतलेलं पाणी मनातल्या मनात परत मागे ओतता येतं. हे सगळं मला पाठ होतं. पण समोर पाण्याऐवजी कोकम होतं, प्रयोगशाळेऐवजी गोंगाटाचा वर्ग होता, आणि मला त्या मुलात पियाजेचं मूल दिसलंच नाही.

नंतर मी तोच खेळ मुद्दाम वर्गांत करून पाहिला. पहिलीतली बहुतेक मुलं ठामपणे उंच ग्लासाकडे बोट दाखवत. तिसरीतल्या एका मुलीने मात्र माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि म्हणाली, ‘टीचर, तेच तर पाणी आहे. ग्लास बारीक आहे फक्त.’ दोन वर्षांत एवढा फरक पडतो, आणि तो कुणी शिकवून पडत नाही. ज्या घरी तांब्या-पेल्यांशी, पिठाशी, मासळीशी मुलांचा हात चालतो, तिथे तो आपोआप घडत असतो. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांवर 1969 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मातीचा गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते, हे त्या मुलांना इतरांच्या आधी समजत होतं. हाताला ज्याची सवय, ते डोक्यातही लवकर बसतं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी हे वळण ओळखलं होतं असं मला वाटतं. मुंजीसाठी आठवं वर्ष सांगितलं जायचं. पालीत मुलांचा चर्चमधला पहिला कम्युनियन विधी याच वयाच्या आसपास होतो. दहावे पोप पायस यांनी 1910 साली त्यासाठी साधारण सातवं वर्ष ठरवून दिलं, कारण बरं-वाईट समजू लागण्याचं वय ते धरलं जातं. अमेरिकेतल्या बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली जगभरच्या 50 समाजांची वर्णनं तपासली, तेव्हाही हेच दिसलं. धाकट्या भावंडाला सांभाळणं, जनावरं राखणं, घरातलं एखादं काम अंगावर घेणं, अशी जबाबदारी मोठी माणसं मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान द्यायला लागतात. हे समाज जगभर विखुरलेले होते. मुलातच काहीतरी बदललेलं असतं आणि ते सगळ्यांना दिसत असतं.

मला मात्र काम म्हटलं की एकच गोष्ट दिसायची, शाळा बुडणं. इथून मी ज्या चुकीकडे वळते आहे ती सगळ्यात मोठी.

पावसाळा संपला, बोटी पुन्हा लागल्या की बोंबलाचा हंगाम येतो. किनाऱ्याला बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणतात आणि बोंबील वाळत घालतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. हात बसलेली बाई हे न बघता करते. त्या दिवसांत माझ्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा आठवडाभर आला नाही. गणितात तो मागे होता. बारा साते विचारलं की फळ्याकडे बघत राहायचा. मी घरी गेले तर आजी म्हणाली, किनाऱ्यावर आहे. गेले. तो दोरीला बोंबील लावत होता आणि मध्येच एका दोरीला चिंधी बांधत होता. मी विचारलं, चिंधी कशाला?

‘इथपर्यंत साठ जोड्या झाल्या, टीचर.’

‘मग बोंबील किती?’

‘एकशेवीस.’ विचार न करता.

‘आणि अशा सात दोऱ्या?’

त्याने दोऱ्यांकडे पाहिलं, हात थांबवले नाहीत. ‘सातशे... आणि वर एकशेचाळीस. आठशेचाळीस.’

वर्गात जो बारा साते सांगू शकत नव्हता, त्याने इथे एकशेवीस साते केले होते. शंभर सातदा आणि वीस सातदा अशी फोड त्याची त्यानेच केली होती. एवढं समोर घडल्यावर शिक्षकाने काय करायला हवं होतं? मी आजीसमोर त्याला म्हटलं, ‘म्हणजे तुला येतंय! मग वर्गात का करत नाहीस? आळशीपणा आहे नुसता.’ त्याचा चेहरा उतरला. आजीने मला चहा विचारला होता, तोही मी घेतला नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालूसिया श्लीमन हे ते अभ्यासक. नऊ ते पंधरा वर्षांची पाच मुलं. गिऱ्हाईक बनून गाड्यावर हिशेब विचारले तेव्हा मुलांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं नंतर कागदावर, शाळेतल्यासारखी मांडून दिली तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण 37 टक्क्यांवर आलं. मला हे वाचायला मिळालं तोवर तो मुलगा माझ्या वर्गातून पुढे गेला होता. त्याला आळस नव्हता. त्याच्या डोक्यातलं गणित आणि फळ्यावरचं गणित यांच्यात पूल नव्हता, आणि तो बांधायला शाळेने मला पगार देऊन ठेवलं होतं. सात ते अकरा या वयात मूल विचार करू शकतं, नीट तर्काने करू शकतं, पण हाताशी धरता येणाऱ्या गोष्टींबद्दल. मी फळ्यावर नुसते आकडे लिहीत होते आणि बाहेर आठशेचाळीस बोंबील वाळत होते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 1950 साली या वयाचं जे वर्णन केलं, त्याचा अर्थ मला त्या मुलामुळे समजला. या वर्षांत मुलाला आपल्याला काहीतरी नीट करता येतं, लोकांच्या उपयोगाचं करता येतं, ही खात्री मिळवायची असते. ती मिळाली नाही तर आपण कमी आहोत ही भावना घर करते. त्या मुलाला ती खात्री किनाऱ्यावर मिळत होती. मी तिथे जाऊन त्याच्याच माणसांसमोर ती काढून घेतली. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. त्याला दुसरीही कारणं होती, तरी माझा वाटा त्यात आहे.

याचा अर्थ मुलांना कामाला लावा असा नाही, आणि कुणी तसा काढू नये. त्याचा बुडलेला आठवडा हे नुकसानच होतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीनेही घरच्या व्यवसायात मोकळीक ठेवली ती शाळा सांभाळून, सुटीत किंवा शाळेनंतर हातभार लावण्यापुरती. पण जे हात जोड्या लावतात त्यांच्यापर्यंत शाळेने कसं पोचायचं, हा प्रश्न आपल्याच किनाऱ्यावर आधी कुणीतरी सोडवून पाहिला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणू तालुक्यात बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत असं दिसलं तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. बोर्डी माझ्यापासून काही तासांवर. त्यांची नावं मी बालशिक्षणाच्या पेपरात लिहिली होती. पण बोंबलाच्या हंगामात दुपारी तासभर किनाऱ्यावर जाऊन बसावं, वह्या घेऊन जाव्यात, चिंध्यांच्या खुणांवरून गुणाकाराची मांडणी शिकवावी, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर केलं. त्या मुलाला त्याचा उपयोग झाला नाही.

काही चुका थोडक्यात. वर्गात पहिल्या पाचांची नावं मी फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर ठेवायचे. पहिली-दुसरीची मुलं त्याकडे फारसं बघत नसत, त्या वयात जवळजवळ प्रत्येकाला आपण हुशार आहोत असंच वाटतं. आठव्या वर्षानंतर मूल स्वतःला इतरांशेजारी ठेवून मोजायला लागतं. नेमक्या त्याच वयात माझी यादी लागायची. हात वर करणाऱ्या मुली एकेक करून हात खाली ठेवू लागल्या आणि मी त्यांना घुम्या म्हटलं. 2010 नंतर महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नोंदींच्या ओझ्यामुळे आम्ही शिक्षकांनी त्याबद्दल बरीच कुरकुर केली, पण ती यादी माझ्या फळ्यावरून गेली हे चांगलं झालं.

माझ्या मुलाला चौथीत सगळे धांदरट म्हणायचे, मीसुद्धा. फळ्यावरून उतरवताना शब्द गाळायचा. पाचवीच्या आरोग्य तपासणीत कळलं की त्याला लांबचं दिसत नाही. लांबचं न दिसण्याचा दोष बऱ्याचदा या शाळेच्या वयातच सुरू होतो. मुलाला त्याआधीचं स्पष्ट दिसणं आठवत नाही, म्हणून ते तक्रार करत नाही. सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. चष्मा लागला त्या संध्याकाळी घरी येताना तो बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होता. मी शेजारी बसून ऐकत होते.

त्याच मुलाच्या उंचीवरून मी दोन वर्षं काळजी करून घेतली आणि त्यालाही लावली. सहावीत वर्गातल्या मुली त्याच्यापेक्षा उंच झाल्या. मी जाहिरातीतल्या पावडरी आणल्या, दाराला लोंबकळायला लावलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, दरवर्षी किती वाढला? मला सांगता येईना, कारण मी कधी मोजलंच नव्हतं. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढ होत असेल तर काळजीचं कारण नसतं. मुलींची उंची एकदम वाढण्याचा काळ मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येतो, म्हणून सहावी-सातवीत त्या डोक्याने वर दिसतात. वर्षातून एकदा भिंतीला टेकवून, तारीख घालून खूण केली असती तर ही काळजी उरलीच नसती.

मुलीच्या बाबतीत मात्र काळजी करायची वेळ होती आणि मी ती केली नाही. ती सहावीत होती. एके दिवशी शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, ‘टीचर, पोरीला चांगलं खायला घाला आता.’ मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दोन महिन्यांपूर्वीच तिला पाळी आली होती. पहिल्या वेळी तिला वाटलं, आत काही जखम झाली आहे, आपण मरणार. ती शाळेतून आली ती मागच्या दाराने मावशींकडे गेली. मासळी साफ करत बसलेल्या मावशींनी हात धुतले, तिला आत नेलं, कपडा दिला, काय आहे ते सांगितलं. ‘आईला सांग,’ असंही त्या म्हणाल्या होत्या. तिने सांगितलं नाही.

मी तिला विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘तू रागावशील असं वाटलं.’

दाढ दुखत होती तेव्हा मी रागावले होते. जेवण रेंगाळलं तेव्हा रागावले होते. शरीरात काही झालं की आई रागावते, हे ती दुसरीपासून शिकत आली होती. तिच्या उत्तरात चुकीचं काही नव्हतं.

मला वाटत होतं, अजून लहान आहे, सातवी-आठवीत सांगू. खरं म्हणजे शरीर आधी भरपूर सूचना देतं. मुलींमध्ये छातीची वाढ आठव्यापासून तेराव्या वर्षापर्यंत केव्हाही सुरू होऊ शकते. मग उंची झपाट्याने वाढते, आणि तो जोर ओसरायला लागला की पाळी येते. पहिल्या खुणेपासून पाळीपर्यंत साधारण दोन ते अडीच वर्षं मिळतात. माझ्या मुलीचा फ्रॉक एका वर्षात गुडघ्याच्या वर गेला होता, चपला दोनदा बदलल्या होत्या. मी शिंप्याकडे गेले, चपलांच्या दुकानात गेले, पण तिच्याशी बोलायला बसले नाही. नववं-दहावं वर्ष हे बोलायचं वय आहे. त्या वयात मुलं शरीराबद्दल सरळ प्रश्न विचारतात आणि सरळ उत्तर ऐकून घेतात. पुढे लाज मध्ये येते, त्यांना आणि आपल्यालाही. मुलांनाही हे सांगायला हवं, निदान वर्गातल्या मुलींना हसू नये एवढ्यासाठी तरी. माझ्या मुलाला मी वेळेवर सांगितलं. त्याची बहीण शेजारी बसून होती आणि माझं काही राहिलं की ती भर घालत होती.

या सगळ्यावर मी पालकांशी बोलायला लागले तेव्हाही एक चूक बरीच वर्षं चालू ठेवली. पालकसभा मी सहामाहीनंतर, डिसेंबरात घ्यायचे, कारण तेव्हा निकाल हातात असायचे. आया यायच्या, बाप कधीच नाही. पालीतल्या बापांना मुलांच्या शिक्षणात रस नाही, असं मी मुख्याध्यापकांना अहवालात लिहून दिलं होतं. डिसेंबरात बाप समुद्रावर असतात. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते, आणि त्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसं घरी. शाळाही जूनच्या मध्यालाच उघडते. मी सभा जुलैत घ्यायला लागले. पहिल्या सभेला वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून बाप उभे होते, बाकं पुरली नाहीत. काहीजण जाळं विणण्याची सुई हातात घेऊनच आले होते.

त्या सभेत दातांची मोजणी झाली, झोपेचं बोलणं झालं, चष्म्याचं झालं. मुलींबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा बाप बाहेर जायला निघाले. मी त्यांना थांबायला सांगितलं. थोडे थांबले. त्यांतल्या एकाने, ज्याची मुलगी माझ्याकडे चौथीत होती, हात वर केला. त्या मुलीला आई नव्हती. घरात मोठी माणसं तो आणि त्याचा म्हातारा बाप, दोघेच. त्याने विचारलं, ‘टीचर, मी सांगितलं तर चालेल का? की बाईमाणसानेच सांगायला पाहिजे?’ मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुमच्यावर तिचा विश्वास आहे. काय सांगायचं ते मी कागदावर लिहून देते. तो म्हणाला, लिहून नको, मला वाचायला वेळ लागतो, तोंडी सांगा, लक्षात राहील. मग सभा संपल्यावर आम्ही दोघं आणि शेजारच्या मावशी, असे व्हरांड्यात बसलो आणि त्याने एकेक वाक्य परत म्हणून दाखवलं.